एसईलिनक्स की ॲपआर्मर: ईआरपी सर्व्हरसाठी काय घ्यावं?

सेन्टॉस ७ या लिनक्स प्रणालीचा आधार जून २०२४ मध्ये संपला आणि त्यावर ईआरपी (कारखान्याचा सगळा कारभार सांभाळणारं सॉफ्टवेअर) चालवणाऱ्यांना दुसरीकडे जाणं भाग पडलं. कुणी अल्मालिनक्स किंवा रॉकी घेतलं, कुणी उबंटू. तिथंच सुरक्षेचं गणितही ठरतं, कारण पहिल्या दोघांत एसईलिनक्स येतं, उबंटूत ॲपआर्मर. दोन्ही लिनक्सच्या आतले पहारेकरी: कुठल्या प्रोग्रामनं कशाला हात लावायचा, ते ठरवतात. वाळूजला गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात मी दोन्ही चालवून पाहिली. पुढे एनजिनएक्स (विनंत्या घेऊन मागे पाठवणारा वेब सर्व्हर), मागे जावावरचं ईआरपी, डेटाबेस वेगळ्या मशीनवर. तुमच्याकडेही साधारण असंच असेल, असं धरून चालतो.

एसईलिनक्सचा जाच काही लपून राहिलेला नाही. ते फाइलचा पत्ता बघत नाही, तिला चिकटलेलं लेबल बघतं. व्हेंडरचा पोरगा पुण्यातून रिमोटवर येतो, होम फोल्डरमध्ये झिप उघडतो आणि 'एमव्ही' ही हलवण्याची कमांड मारून फाइली वेबच्या फोल्डरमध्ये ढकलतो. होमचं लेबल सोबतच जातं, आणि सातशे सत्याहत्तरची, म्हणजे सगळ्यांना सगळी परवानगी दिली तरी ४०३ ही 'प्रवेश नाही'ची एरर काही हटत नाही. 'सीपी' म्हणजे कॉपी वापरलं असतं तर नव्या फोल्डरचं लेबल लागलं असतं. योग्य लेबल परत लावणारं 'रिस्टोअरकॉन' चालवलं की काम होतं, पण फोनवर त्याचं पहिलं वाक्य ठरलेलं: "सर, ते एसईलिनक्स बंदच करून टाका ना." एनजिनएक्सला मागचं ईआरपी गाठता न येऊन ५०२ आला तरी हेच. तिथं बहुतेक वेळा नेटवर्क जोडणीला मुभा देणारं एक बुलियन (चालू-बंदचं सेटिंग) चालू करायचं असतं, बाकी काही नाही.

ॲपआर्मर त्यामानानं गुणी. प्रोफाइल म्हणजे साधी मजकुराची फाइल, त्यात पत्ते आणि परवानग्या. आधी तक्रार मोडमध्ये ठेवायचं (तिथं ते अडवत नाही, फक्त नोंद करतं), लॉग बघून नियम भरायचे, मग सक्ती लावायची. आमच्याकडे शिकून तयार झालेला माणूस पुण्याची ऑफर आली की जातो. नव्या माणसाला ही फाइल वाचता येते, ही मोठी सोय आहे. नुसतं एवढंच पाहायचं असतं तर मी उबंटूवरच राहिलो असतो.

माझं मन फिरलं ते एका अपडेटनं. ॲपआर्मरचं प्रोफाइल सहसा प्रोग्रामच्या पत्त्यावरून लागतं. व्हेंडरनं नव्या आवृत्तीसोबत स्वतःचं जावा दिलं, तेही नव्या फोल्डरमध्ये. सर्व्हर चढला, बिलं निघाली, गेटपास छापले गेले. फक्त प्रोफाइल जुन्या पत्त्याकडे बघत बसलं होतं आणि ईआरपी मोकाट चालू होतं. एरर नाही, लॉगमध्ये ओळ नाही. प्रोफाइल लागलेल्या प्रोसेस दाखवणाऱ्या 'एए-स्टेटस'च्या यादीत आमची प्रोसेस दिसेना, तेव्हा हे कळलं. काम अडलं की माझा फोन खणखणतो, ते मला परवडतं. काहीच न अडणं मात्र फार खुपलं.

एसईलिनक्सही धुतल्या तांदळासारखं नाही, हे सांगायला हवं. 'ऑप्ट' फोल्डरमध्ये टाकलेली, स्वतःचं धोरण नसलेली सर्व्हिस तिथंही बहुधा मोकळ्या डोमेनमध्ये, म्हणजे बंधनांशिवायच चालते. पण प्रोसेसची यादी देणाऱ्या 'पीएस'ला मोठा झेड लावला की तसं स्पष्ट लिहिलेलं दिसतं. शिवाय एनजिनएक्स तिथं पहिल्या दिवसापासून नियमांत बांधलेलं असतं; उबंटूत मायएसक्यूएल या डेटाबेसला प्रोफाइल मिळतं, एनजिनएक्सला ते आपणच लिहायचं. ॲपआर्मरचं माहेरघर म्हणावं अशा सुसे या लिनक्स कंपनीनंही एंटरप्राइझ १६ या आवृत्तीत एसईलिनक्सच धरलं आहे. त्यांची कारणं वेगळी असतील, पण मला बरं वाटलं.

उबंटू सोडणं शक्यच नसेल तर सर्व्हिस सुरू करणाऱ्या सिस्टमडीच्या युनिट फाइलमध्ये 'ॲपआर्मरप्रोफाइल' ही ओळ घाला आणि प्रोफाइलला नाव द्या. मग जावाचा पत्ता बदलला तरी प्रोफाइल लागतंच, आणि प्रोफाइल लोड झालेलं नसेल तर सर्व्हिस सुरूच होत नाही. अल्मा घेणार असाल तर व्हेंडरच्या वार्षिक करारात आधीच लिहून घ्या: इन्स्टॉलेशन एसईलिनक्स चालू ठेवूनच होईल. सही झाल्यावर हे कुणी ऐकत नाही.