कस्टर्ड: डब्यातलं की अंड्याचं?

मे महिन्यात देवगडच्या घरी मुंबईची माणसं येतात आणि अढीत हापूस पिकलेला असतो. त्यामुळे आंबा घालून कस्टर्ड ठरलेलंच. ते पावडरीचं करावं की अंड्याचं, एवढाच प्रश्न. मी दोन्ही पुष्कळदा केलंय.

सोपेपणात पावडर पुढे, यात वाद नाही. अर्ध्या लिटर दुधाला दोन मोठे चमचे. गुठळ्या झाल्याच तर गाळणी आहे. उकळी फुटायची भीती नाही, उलट ती यायलाच हवी, नाहीतर पिठूळ लागतं. अंड्याचं तसं नाही. चार बलक साखरेबरोबर फेटायचे, त्यात गरम दूध धारेनं घालायचं आणि चमच्याच्या पाठीवर थर धरेपर्यंत मंद आचेवर ढवळत उभं राहायचं. साधारण ८५ अंशांच्या पुढे गेलं की फाटलंच. एकदा दारात मासेवाली आली, मी बांगड्यांचा भाव करत राहिलो आणि आत येऊन बघतो तर गोड भुर्जी.

तरीही माझं मन फिरलं ते वासामुळे. पावडर म्हणजे बहुतेक मक्याचं स्टार्च, पिवळा रंग आणि व्हॅनिला. केळं, सफरचंद, डाळिंब घालायचं तर तो व्हॅनिला हवाच. पण हापूसला? अढीतून हुंगून हुंगून चार आंबे काढले होते. काकीनं पहिल्याच चमच्याला विचारलं, "ह्येका आंब्याचो वास खंय आसा?" खरंच नव्हता. वाटीला वास येत होता लग्नाच्या पंगतीतल्या आइसक्रीमचा. पुढच्या वेळी आंबा वाढवला, पावडर कमी केली. कस्टर्ड पातळ झालं, वास तसाच. मग नुसतं कॉर्नफ्लॉवर वापरून पाहिलं. वास गेला, पण साडीला घालायची खळ खातोय असं वाटलं. माझ्या हाताचाही दोष असेल.

बलकालाही त्याचा वास असतो, नाही असं नाही. चिमूटभर जायफळ किसून घातलं की मला तरी तो जाणवत नाही. आंबा मात्र कस्टर्ड पुरतं गार झाल्यावरच घालावा. आम्ही पातेलं विहिरीच्या पाण्याच्या परातीत ठेवतो. उरलेला पांढरा भाग सकाळच्या आमलेटात जातो.

घरात अंडं चालत नसेल तर मात्र पावडरच घ्या. ती जन्मलीच त्यासाठी: १८३७ साली बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्डनं बायकोला अंडं सोसत नाही म्हणून ती बनवली. आमची आजी सोमवार पाळते, तेव्हा तिच्यासाठी मी वेगळं पातेलं चढवतो. दुसऱ्या दिवशी फ्रिजमध्ये उरलेलं सापडतं ते तेच, कडेनं पाणी सुटलेलं.