समथिंग्ज गॉटा गिव्ह: साठीतलं प्रेम, चष्म्यासकट

पिक्चर जुना आहे, २००३ चा, नॅन्सी मायर्सचा, पण उतारवयातल्या लव्हस्टोरीत याच्याएवढं धमाल मला तरी अजून काही सापडलेलं नाही. जॅक निकोल्सन ६३ वर्षांचा, कायम तिशीच्या आतल्या पोरी फिरवणारा, आणि हार्ट अटॅक येऊन अडकतो कुठे तर गर्लफ्रेंडच्या आईच्याच घरी! आई म्हणजे डायन कीटन, नाटकं लिहिणारी, घटस्फोटित, एकदम ताठ. डॉक्टर म्हणतो जिना चढता आला की बाकी सगळं चालेल, तिथं आमची भुसावळची आत्या तोंडाला पदर लावून इतकी हसली की शेजारीण बघायला आली काय झालं म्हणून. दोघांचे चष्मे अदलाबदल होतात ते बघाच, आणि ब्रेकअपनंतर कीटन ढसाढसा रडत लॅपटॉपवर नाटक लिहिते, मधेच हसते, ऑस्करचं नॉमिनेशन उगाच नव्हतं मिळालं.

खटकलं एवढंच की कियानू रीव्जचा डॉक्टर, कीटनच्या प्रेमात पडलेला, इतका गुणी माणूस, त्याला शेवटी पॅरिसमध्ये सहज बाजूला काढलाय, पटलं नाही बुवा. शिवाय सगळे पैसेवाले, भाऊबंदकीचं टेन्शनच नाही, आपल्याकडे जळगाव-धुळ्यात बाप दुसरं लग्न करतो म्हटलं की पोरांना आधी शेताचा सातबारा आठवतो. त्या बाबतीत २०१९ ची 'अग्गंबाई सासूबाई' जास्त जवळची, तिथं सूनच सासूचं लग्न लावते, पण सिरियल ती सिरियल, ताणलीय लय.

चार स्टार. पोरंसोरं झोपल्यावर लावा, एक-दोन सीन तसले आहेत.