तरणतलावाकाठचा कीटकनाशक दिवा: दोन पावसाळ्यांनंतरचे मत

कर्जतजवळच्या आमच्या घरामागे एक छोटा तरणतलाव आहे आणि त्याच्या तिन्ही बाजूंना भातखाचरे आहेत. मृगाचा पहिला पाऊस पडला की त्याच संध्याकाळी वाळवीचे पंखवाले किडे दिव्यांभोवती गर्दी करतात आणि सकाळी त्यांच्या गळलेल्या पंखांचा थर पाण्यावर तरंगत असतो. शिवाय संध्याकाळी पोहायला उतरणाऱ्या नातवंडांना डास फोडून काढत. म्हणून मिठाईच्या दुकानांत भिंतीवर टांगलेला दिसतो त्या जातीचा, निळ्या नळ्यांचा आणि विजेच्या जाळीचा, बाहेर लावता येईल असा दिवा मी दोन वर्षांपूर्वी घेतला.

यंत्राच्या बांधणीबद्दल माझी तक्रार नाही. दोन पावसाळे सोसूनही त्याची जाळी गंजली नाही, आणि खालचा ट्रे काढून धुणे सोपे आहे. मात्र वेष्टनावर डासांपासून मुक्ती मिळेल असे ठळक अक्षरांत छापले होते, तो दावा आमच्या अंगणात खरा ठरला नाही.

पहिल्याच आठवड्यात मी ट्रेमधला ऐवज पांढऱ्या कागदावर पसरून पाहिला. त्यात पतंग होते, भुंगेरे होते, भातावरचे हिरवे तुडतुडे तर मुठीने होते. डास मात्र शोधावे लागले. याचे कारण डासांच्या स्वभावातच आहे, कारण रक्त शोषणारी मादी आपल्या उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड, घामाचा वास आणि शरीराची उष्णता यांच्या मागावर येते आणि माणसे जवळ असताना निळ्या प्रकाशाकडे फारशी वळत नाही. अमेरिकेतील डेलावेअर राज्यात अशाच दिव्यांत मेलेले 13,789 कीटक मोजले गेले, तेव्हा त्यांत चावणारे केवळ 31 निघाले. ही पाहणी 1996 साली प्रसिद्ध झाली होती. डेंग्यू पसरवणारा एडिस डास तर दिवसा चावतो, त्यामुळे रात्री लावलेल्या दिव्याचा त्याच्याशी संबंधही येत नाही.

मला अधिक खटकले ते वेगळेच. जे कीटक खाचरात राहिले असते त्यांना हा दिवा पाण्याच्या काठावर बोलावत होता, आणि जाळीपर्यंत न पोहोचलेले पाण्यात पडत होते. पाठीवर पोहणारे पाणकिडे रात्री उडत प्रकाशाकडे येतात. त्यांतला एक माझ्या नातीला चावला आणि गांधीलमाशी चावल्यासारखी आग होऊन ती बराच वेळ रडत होती. दिवा तलावापासून दूर, कुंपणाजवळ नेल्यावर पाण्यातले किडे स्पष्टपणे कमी झाले. मेअखेरीस राजमाचीच्या बाजूने काजव्यांचा हंगाम सुरू होतो, आणि कोणताही कृत्रिम प्रकाश त्यांच्या मीलनाच्या खुणांत अडथळा आणतो. त्या दिवसांत तो लावण्याचे मला धाडसच झाले नाही.

आम्हाला खरा उपयोग झाला तो साध्या पंख्याचा. डास फार दुबळा उडतो, त्यामुळे बसायच्या जागेवर मोठा पंखा सोडला की तो वाऱ्यात टिकत नाही आणि आपल्या श्वासाचा मागही विरून जातो. पंखा पाण्यापासून पुरेसा लांब ठेवावा आणि त्याच्या जोडणीला 30 मिलिअँपिअरचा, वीज गळताच पुरवठा तोडणारा गळती-रक्षक स्विच जाणकार वायरमनकडून बसवून घ्यावा. यात काटकसर करू नये. अंगणातले पांढरे दिवे काढून पिवळसर एलईडी लावल्यानंतर वाळवीचे थवेही पूर्वीइतके येत नाहीत.

राहिला प्रश्न डासांच्या उत्पत्तीचा. पंप रोज चालतो आणि क्लोरीन 1 ते 3 पीपीएम (पाण्याच्या दहा लाख भागांत 1 ते 3 भाग) राखले जाते अशा पाण्यात अळ्या तग धरत नाहीत. आमच्याकडे त्या सापडल्या तलावावर घालायच्या ताडपत्रीच्या घडीत साचलेल्या पाण्यात आणि कुंड्यांखालच्या बश्यांत. आपल्या हवेत अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात, म्हणून दर रविवारी मी दोन्ही रिकामे करतो, आणि माझ्या अनुभवात इतका फरक कोणत्याच यंत्राने पडला नाही.

तो दिवा आता स्वयंपाकघरात आहे. बंद खोलीत, खिडकीतून बाहेर दिसणार नाही अशा कोपऱ्यात, घरमाश्यांसाठी तो चांगले काम देतो. त्या कामासाठी घ्यायचा असेल तर जरूर घ्यावा. फक्त नळ्या वर्षाने बदलाव्यात, कारण त्या निळ्या दिसत राहिल्या तरी माश्यांना खेचणारा अतिनील प्रकाश तोवर क्षीण झालेला असतो.