इंडिगो-मेंदी: सहा महिन्यांच्या वापरानंतर

वीस वर्षं कलप लावतोय, कधी काही झालं नव्हतं. मागच्या गणपतीआधी नेहमीचाच डाय लावला, मिशीलाही. दुसऱ्या दिवशी कानामागे खाज, तिसऱ्या दिवशी सकाळी डोळेच उघडेनात. वरचा ओठ भज्यासारखा, कपाळाच्या कडेने पाणी सुटलेले फोड, चष्म्याची काडी कानावर टेकवली तरी कळ. "अहो, इतक्यात आरशात बघू नका," बायको म्हणाली.

गोळ्या-मलमाने उतरलं. मग मी जास्तीचा शहाणपणा केला. केमिकल नको म्हणून 'हर्बल काळी मेंदी' आणली. या वेळी संध्याकाळपर्यंतच सुजलो. पाकिटावर 'अमोनिया नाही' हे ठळक. ते खरंही होतं, पण माझं वाकडं अमोनियाशी नव्हतंच. मागे, मुंगीएवढ्या अक्षरांत, पॅरा-फिनिलिनडायअमिन. म्हणजे पीपीडी, केस काळे करणारं रसायन. आधीच्या डायमध्येही तेच.

ऑक्टोबरच्या उकाड्यात त्वचेच्या डॉक्टरांनी नेमकी कशाची अ‍ॅलर्जी ते बघायला पाठीवर वेगवेगळ्या पदार्थांच्या पट्ट्या चिकटवल्या. 48 तास पाठीला पाणी लावायचं नाही, घामही नको म्हणे. ठाण्यात! पट्ट्या काढल्यावर पीपीडीचा तेवढा चौकोन लालभडक. डॉक्टर म्हणाले, मेंदी मुळात काळी नसतेच, तांबूस रंगते. काळी मिळाली की आत काय घातलंय ते आधी बघा. इतकी वर्षं सोसलेला डाय असा अचानक बाधू शकतो, आणि एकदा बाधला की सहसा जन्माची सोबत.

तेव्हापासून साधी मेंदी आणि इंडिगो, म्हणजे निळीच्या पानांची पावडर. दोन्ही जांभळी नाक्यावरून, घटकांत फक्त पानांचं नाव असलेली. तरी पहिल्यांदा कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस थांबलो. रात्री भिजवलेली मेंदी सकाळी तीन तास, ती धुवून लगेच इंडिगो दीड तास. इंडिगो कोमट पाण्यात आयत्या वेळी कालवायची, उरली तर फेकायची. वास भिजलेल्या गवताचा. धुतल्यावर केस हिरवट दिसतात. पहिल्यांदा धसकाच घेतला होता. दुसऱ्या दिवशी गडद तपकिरी झाले. दोन दिवस शाम्पू नाही.

खाज नाही, सूज नाही, त्याचे पैकीच्या पैकी. रंगाला दहात सहा. कानशिलांवर नीट बसत नाही, तीन आठवड्यांत मुळं तांबडी-पांढरी. केस आधीपेक्षा कोरडे वाटतात. दोन टॉवेल आणि एक उशीचा अभ्रा कायमचे गेले, आणि महिन्यातला एक रविवार त्यातच जातो. कोळशासारखे काळे केस हवे असतील तर याच्या वाटेला जाऊ नका.

मिशी मात्र पांढरीच ठेवलीय. ओठावर लगदा थापून साडेचार तास चहाशिवाय कोण बसणार?