छातीत दुखत नसताना जायचा दवाखाना (पाचपैकी चार तारे)

छातीत दुखत असेल, घाम फुटला असेल तर इथं टोकन काढून बसू नका, थेट मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीला जा. पण काही दुखत नाही आणि तरी घोर लागलाय, अशांसाठी बेळगावच्या टिळकवाडीतले हे डॉक्टर चांगले.

आम्ही निपाणीचे. थोरल्या भाऊजींना पन्नाशीच्या आतच अटॅक आला, म्हणून ह्यांना ओढून नेलं. "मला काही होतच नाही की!" हे वाटेत चालूच होतं. डॉक्टरांनी आधी विचारलं, भाऊ सख्खा का चुलत? सख्ख्या भावाला किंवा वडिलांना पंचावन्नच्या आत आणि आईला किंवा सख्ख्या बहिणीला पासष्टच्या आत हृदयविकार झाला असेल, तर आपलाही धोका वाढतो म्हणे.

बीपी घ्यायच्या आधी पाच मिनिटं पाठ टेकून, पाय जमिनीला लावून गप्प बसवलं. आमचे हे पाच मिनिटं गप्प बसले, तेवढ्यावरच फी वसूल! दोन्ही हातांचं बीपी बघितलं. १४६/९० आलं, तरी लगेच गोळी नाही. आठवडाभर घरी सकाळ-संध्याकाळ मोजून वहीत लिहून आणायला सांगितलं.

फुल बॉडी पॅकेजचं मी विचारलं, तर नको म्हणाले. कोलेस्टेरॉल, तीन महिन्यांची साखर, मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन, आणि भाऊजींमुळे लायपोप्रोटीन (ए) ही रक्तातल्या आनुवंशिक चरबीची तपासणी, जी आयुष्यात एकदा केली तरी बहुतेकांना पुरते. शेजारचे घेतात ती रक्त पातळ करायची अ‍ॅस्पिरिन सुरू करू का, हेही विचारलं. अटॅक आला नसेल तर ती मनानं घ्यायची नाही, पोटात नाहीतर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो, हे त्यांनी नीट समजावलं.

तंबाखूवर मात्र वाद झाला. "मी ओढत नाही, नुसती चुन्याबरोबर चघळतो," हे म्हणाले. निपाणीच्या माणसाला तंबाखू सोड म्हणायचं म्हणजे काय, ते डॉक्टरांना ठाऊक असावं. ओरडले नाहीत. चघळण्यानंही हृदयाला त्रास होतो एवढं सांगून कधी सोडणार ती तारीख ह्यांच्याकडूनच वदवून घेतली. मीठ दिवसाला सगळं मिळून चहाचा एक छोटा चमचा, त्यात लोणचं, पापड, सांडगी मिरची सगळं आलं. हे ऐकून मीच गार!

पुढच्या खेपेला कोलेस्टेरॉलची गोळी ठरली. जन्मभर का, विचारलं तर म्हणाले, बहुतेक हो, पण दोन-अडीच महिन्यांनी रक्त तपासून डोस बघू.

आता तक्रारी. नऊचं टोकन, आत घेतलं बारा वाजून गेल्यावर. फोन कुणी उचलत नाही. डॉक्टर मराठीत छान बोलतात, पण आहाराचा कागद फक्त कन्नड आणि इंग्रजीत. तो आम्ही मेडिकलवाल्याकडून वाचून घेतला. एक तारा त्याचाच कापलाय. जाताना प्रश्न कागदावर लिहून न्या, डॉक्टर एकेक वाचून उत्तर देतात.