मार्कन (हॉलंड): पाऊण तासात उरकण्यासारखं गाव नाही

युरोप टूरच्या कार्यक्रमात ‘फोलंडाम-मार्कन, अर्धा दिवस’ असं (फोलंडाम हे शेजारचं बंदराचं गाव) छापलेलं असेल, तर पैसे भरण्याआधी एकच विचारा: मार्कनला हातात किती वेळ? तासाच्या आत असेल तर लाकडी बुटांचं दुकान, बंदरावर फोटो आणि परत बसमध्ये. गाव राहूनच जातं.

आणि सांगलीकराने तर ते सोडू नये. आयर्विन पुलाजवळ पाणी किती फुटांवर आलं, हे दर पावसाळ्यात विचारणाऱ्याला तिथली घरं लगेच कळतात. मार्कन तेव्हा समुद्रातलं बेट होतं. आधी मातीचे उंचवटे रचून त्यांवर वस्ती केली. जागा संपली तशी पुढची घरं लाकडी खांबांवर चढली. समुद्र आत आला की पाणी घराखालून निघून जायचं. जानेवारी १९१६ च्या वादळात मात्र ते पुरलं नाही, बेटावर १६ जण गेले. पुढे १९३२ साली बांध घालून झायडरझीचं, म्हणजे बेटाभोवतीच्या समुद्राच्या खाडीचं, तोंडच बंद केलं. पाणी गोडं झालं, मासेमारी आटली, आणि पुराची भीती सरल्यावर खांबांमधल्या मोकळ्या जागेलाही भिंती लागल्या. बंदरालगतच्या गल्ल्यांत हिरव्या-काळ्या फळ्यांची घरं आहेत. त्यांचा खालचा भाग मुद्दाम बघा, हा सगळा इतिहास तिथेच दिसतो. १९५७ पासून किनाऱ्याला जोडणाऱ्या वेगळ्या बांधावरून रस्ता आहे, म्हणजे बेट आता नावापुरतंच.

दीपगृह १८३९ चं. बंदरापासून चालत पाऊण तास धरा. आत सोडत नाहीत, पण बांधावरून जाणारी ती वाटच खरी बघण्यासारखी. वारा जबरदस्त, छत्री उलटते. टोपीचं जॅकेट न्या.

बूट घ्यायचेच तर वाळलेले घ्या. लाकूड ओलं असतानाच कोरतात, त्यामुळे समोर मशीनवर नुकता निघालेला जोड जड लागतो आणि घाईने वाळवला तर तडकतो. जाड मोजा घालून टाचेमागे एक बोट मावलं पाहिजे. शोभेचे छोटे जोड महाग वाटतात, नाही घेतले तरी चालतं.

स्वतंत्र जात असाल तर फोलंडामहून बोटीचं एकेरी तिकीट काढा, साधारण अर्धा तास लागतो. परतताना ३१५ नंबरची बस थेट ॲमस्टरडॅमच्या उत्तर भागात सोडते. बसमध्ये रोख चालत नाही. कार्डावर परदेशी आणि कॉन्टॅक्टलेस व्यवहार बँकेच्या ॲपमधून इथूनच चालू करून निघा. चढताना कार्ड टेकवलं तसं उतरतानाही टेकवायचं. विसरलात तर जास्तीचे पैसे कापले जातात. शाकाहारींना बंदरावर फारसं काही मिळत नाही, भडंगाची पुडी सोबत असू द्या.