गच्चीतल्या कुंड्यांसाठी समुद्री शेवाळ: काळी पूड घ्यावी की बाटली?

नर्सरीत ‘सीवीड’ मागितलं की एकतर काळ्या चमकदार फ्लेक्सची पुडी मिळते, नाहीतर तपकिरी अर्काची बाटली. दोन्ही शेवाळंच, पण जातकुळी निराळी.

पुडीत बहुधा ॲस्कोफायलम असतं. हे उत्तर अटलांटिकच्या खडकाळ किनाऱ्यावरचं तपकिरी शेवाळ. पोटॅशियम हायड्रॉक्साइडने त्याचा अर्क काढून सुकवतात. बाटलीत आपल्याकडे बऱ्याचदा कप्पाफायकस असतं. ते लाल शेवाळ, तामिळनाडूत मंडपमच्या आसपास बांबूच्या तराफ्यांवर वाढवलेलं. ताजं असतानाच चिरडून त्याचा रस काढतात आणि उरलेल्या चोथ्यातून कॅरॅगीनन (पदार्थ दाट करणारं द्रव्य) मिळवतात. ही पद्धत भावनगरच्या केंद्रीय मीठ व समुद्री रसायन संशोधन संस्थेची.

दोन्हींत वाढीला चालना देणारी द्रव्यं असतात, पोटॅश असतं. नत्र मात्र नावापुरतंच. टोमॅटो नत्राअभावी पिवळा पडला असेल तर आधी गांडूळखत घाला, शेवाळाने तो हिरवा होणार नाही. फुटवे आणि फळधारणा यांत डोळ्यांना जाणवेल असा फरक मला तरी या दोघांत दिसत नाही.

फरक पडतो तो फवारणीच्या पंपात. तपकिरी शेवाळात अल्जिनेट नावाचं चिकट द्रव्य असतं आणि कॅल्शियम भेटलं की त्याचा जेलीसारखा गोळा होतो. नळाच्या पाण्यात पूड सुरेख विरघळते. पण एप्रिल-मे आला, सोसायटीत टँकर किंवा बोअरचं जड, म्हणजे कॅल्शियमसारखे क्षार जास्त असलेलं पाणी सुरू झालं, की त्याच पुडीच्या बारीक बुळबुळीत गुठळ्या होतात. चहाच्या गाळणीतून त्या सहज निसटतात आणि दोन लिटरच्या हातपंपाच्या नोझलमध्ये जाऊन बसतात. फवारा तुटतो, धार लागते. नोझल उघडून जुन्या टूथब्रशने घासायचं, पुन्हा भरायचं, चार कुंड्यांनंतर पुन्हा तेच. उपाय आहे: आरओचं किंवा साठवलेलं पावसाचं पाणी घ्या, द्रावण दहा मिनिटं ढवळा आणि मलमलच्या दुहेरी कापडातून गाळा. पण दर पंधरा दिवसांनी एवढा खटाटोप? माझा कल बाटलीकडे झुकला तो इथेच. कप्पाफायकसच्या रसात अल्जिनेट नसतं. जड पाण्यातही नोझल वाहतं राहतं.

पुडीची दुसरी अडचण पावसाळ्याची. ती हवेतली ओल ओढते. जूनमध्ये फोडलेली पुडी नुसती रबर लावून ठेवली तर जुलैत डांबरासारखी चिकटते. घट्ट झाकणाची काचेची बरणी हवीच. शिवाय प्रमाण लिटरला अर्धा ते एक ग्रॅम, आणि घरच्या काट्यावर एक ग्रॅम नीट मोजता येत नाही. त्यापेक्षा १० ग्रॅम पूड २०० मिली पाण्यात विरघळवा आणि त्यातलं २० मिली एक लिटरला घ्या; म्हणजे बरोबर एक ग्रॅम. उरलेलं त्याच दिवशी मातीत ओता, ठेवलं तर आंबतं.

बाटलीही निर्दोष नाही. समुद्राच्या पाण्यात वाढलेल्या शेवाळाचा रस म्हणजे त्यात मीठ आलंच. लेबलावर लिटरला ३ मिली असताना ‘थोडं जास्त’ म्हणून १० मिली घातलं की मिरचीच्या पानांची टोकं करपतात, आणि निचरा नसलेल्या कुंडीत क्षार साठत जातात. केमिस्टकडची ५ मिलीची सिरिंज बाटलीलाच बांधून ठेवा. बाटली सावलीत ठेवा, हलवूनच घ्या. ओल्या सुकटासारखा वास चालेल. बाटली फुगली आणि सडका वास आला तर टाकून द्या.

फवारणी ऊन उतरल्यावर करा, पानांच्या खालच्या बाजूनेही. पहिली रोप लावल्यावर तीन आठवड्यांनी, दुसरी कळ्या दिसताच, तिसरी फळ धरल्यावर.

अर्धा एकर भाजीपाला असेल आणि विहिरीचं पाणी मऊ असेल तर पूडच परवडेल. १०० ग्रॅममध्ये किमान १०० लिटर फवारा होतो, शिवाय वाहतुकीला हलकी. वीस-तीस कुंड्यांना मात्र बाटली बरी, असं मला वाटतं. घेताना लेबलावर शेवाळाचं नाव वाचा, कारण बाटलीतही तपकिरी शेवाळाचा अर्क येतो. शंका असेल तर बोअरच्या पाण्याच्या पेल्यात पाच थेंब टाकून तासभर ठेवा. तळाशी तंतू किंवा गुठळ्या दिसल्या तर तो अर्क पंपात न घालता झारीने मुळांशी द्या.